बिनपगारी फौज आणि दोनदा कबूल केलेली जमीन : टेक्सास प्रजासत्ताकाची पहिली दोन वर्षे

लढाई अठरा मिनिटांत आटोपली. २१ एप्रिल १८३६ च्या दुपारी सॅन जॅसिंटोच्या मैदानात सॅम ह्यूस्टनच्या सुमारे नऊशे माणसांनी मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती सांता ॲना याच्या छावणीवर झडप घातली, तेव्हा मेक्सिकन सैन्य दुपारची झोप काढत होते. सहाशेच्या वर मेक्सिकन मारले गेले, सातशेच्या वर पकडले गेले. टेक्सासच्या बाजूने नऊजण दगावले. दुसऱ्या दिवशी खुद्द सांता ॲना साध्या शिपायाच्या वेशात सापडला. एवढ्या स्वस्तात एवढा मोठा मुलूख क्वचितच कुणाच्या हाती आला असेल. पण ज्या फौजेच्या नावावर हा विजय जमा झाला, ती फौज आवरायला पुढे तेरा महिने लागले. या प्रकरणाचा गाभा ते तेरा महिने आहेत. त्या महिन्यांत जी युक्ती यशस्वी झाली, तिची किंमत कोणी मोजली, हाही त्याचाच भाग आहे.

टेक्सास हा मेक्सिकोचा दूरचा, विरळ वस्तीचा ईशान्य भाग होता. १८२१ नंतर मेक्सिकोने तिथे अमेरिकी वसाहतकऱ्यांना जमिनी देऊन बोलावले आणि स्टीफन ऑस्टिनने पहिली तीनशे कुटुंबे वसवली. पाठोपाठ आणखी हजारो आले, त्यातले बरेच आपले गुलाम घेऊन. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद केल्याचे जाहीर केले, १८३० मध्ये अमेरिकेतून येणाऱ्यांना अटकाव केला आणि १८३४-३५ मध्ये सांता ॲनाने प्रांतांचे अधिकार काढून सगळी सत्ता राजधानीत ओढली. ठिणगी पडायला एवढे पुरेसे होते. २ मार्च १८३६ रोजी ब्रॅझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या खेड्यात स्वातंत्र्याची घोषणा झाली. चारच दिवसांनी सॅन अँटोनियोची आलामो ही गढी मेक्सिकन सैन्याने घेतली आणि तिचे रक्षक मारले गेले. अधिवेशनाला जमलेल्या मंडळींनी घाईघाईत राज्यघटना लिहिली, डेव्हिड बर्नेट यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष नेमले आणि शत्रू जवळ आल्यावर पळ काढला. म्हणजे राष्ट्राला घटना होती, झेंडा होता. बसायला जागा नव्हती. वस्तीचा त्या वेळचा अंदाज असा : सुमारे तीस हजार गोरे अमेरिकी, पाच हजार गुलाम, साडेतीन हजारांच्या आसपास मेक्सिकन वंशाचे तेहानो आणि चौदा हजार मूळ रहिवासी. यातल्या पहिल्या गटाच्या बहुतेकांना वेगळे राष्ट्र नकोच होते, त्यांना अमेरिकेत सामील व्हायचे होते. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली आणि त्याच मतपत्रिकेवर हा प्रश्न विचारला गेला तेव्हा ३,२७७ जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले, ९१ जणांनी विरोधात.

युद्ध संपल्यावर वाढलेली फौज

सॅन जॅसिंटोला लढलेले पुष्कळसे लोक लगेच घरी गेले. पेरणीचे दिवस होते, पळापळीत उजाड झालेली घरे उभी करायची होती. त्यांच्या जागी अमेरिकेतून, विशेषतः मिसिसिपी, लुइझियाना, केंटकी, टेनेसी या भागांतून, नवे स्वयंसैनिक येत राहिले. आलामोची बातमी ऐकून ते निघाले आणि पोचले तेव्हा लढाई संपलेली होती. उन्हाळ्यात फौज दोन हजारांच्या वर गेली आणि तिच्यातल्या बहुसंख्य लोकांनी शत्रूचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांना पगाराचे वचन होते, पगार नव्हता. दर तीन महिन्यांच्या सेवेला ३२० एकर, जास्तीत जास्त १,२८० एकर, असे जमिनीचे वचन होते. पण जमीन मोजून देणारे खातेच अजून उघडले नव्हते. दारू मात्र कुठून तरी मिळत होती.

बर्नेटचे हाल या फौजेने केले. मे महिन्यात वेलास्को बंदरात सांता ॲनाशी करार झाला : त्याने सैन्य रिओ ग्रान्दे नदीपलीकडे न्यायचे, टेक्सासने त्याला मेक्सिकोला पोचवायचे. जूनच्या सुरुवातीला तो जहाजावर चढलाही होता. तेवढ्यात थॉमस जेफरसन ग्रीन नावाचा गृहस्थ स्वयंसैनिकांची नवी तुकडी घेऊन बंदरात उतरला आणि त्याच्या लोकांनी सरकारला न जुमानता सांता ॲनाला जहाजावरून खाली उतरवायला लावले. पुढे मिराबो लामार याला सरकारने सेनापती नेमले, तर शिपायांनी मतदान घेऊन त्याला नाकारले. मग खुद्द बर्नेटला अटक करण्याचा बेत छावणीत शिजला. तो फसला, पण एखादा अधिकारी राष्ट्राध्यक्षाला पकडायला निघू शकतो हे सगळ्यांना दिसले. बर्नेट सज्जन होता, हट्टी होता आणि त्याच्याकडे आदेशाच्या कागदापलीकडे काही नव्हते.

५ सप्टेंबरच्या निवडणुकीत ह्यूस्टन अगदी शेवटच्या दिवसांत उतरला आणि ५,११९ मते घेऊन गेला. हेन्री स्मिथला ७४३ पडली. ज्याने हा मुलूख वसवला त्या ऑस्टिनला ५८७. शिपायांनी ह्यूस्टनला मत दिले कारण तो त्यांच्यातला वाटत होता. घोट्याची जखम घेऊन लंगडणारा, सहा फुटांहून उंच, बोलण्यात नाटकी, पिण्यात प्रसिद्ध. टेनेसीचा गव्हर्नर असताना लग्न मोडल्यावर पद सोडून हा माणूस चेरोकी या मूळ रहिवाशांच्या जमातीत जाऊन राहिला होता. पोरवयातही तो त्यांच्यात तीन वर्षे राहिला होता आणि चेरोकींनी त्याला डोमकावळ्याचे नाव दिले होते. हा तपशील पुढे लागणार आहे.

घटनेप्रमाणे सत्तांतर डिसेंबरात व्हायचे होते. बर्नेटने आधीच राजीनामा दिला आणि २२ ऑक्टोबरला कोलंबिया या गावात ह्यूस्टनचा शपथविधी झाला. पहिल्या राष्ट्राध्यक्षाची मुदत दोनच वर्षांची, लगेच फेरनिवडणूक नाही. तिजोरीत काही नाही, डोक्यावर सुमारे साडेबारा लाख डॉलरचे देणे. त्याने दोन्ही पराभूत प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात घेतले : ऑस्टिन परराष्ट्र खात्यावर, स्मिथ अर्थ खात्यावर. फौजेत मान असलेला थॉमस रस्क युद्ध खात्यावर आला, पण थोड्याच दिवसांत बाजूला झाला आणि ते खाते विल्यम फिशरकडे गेले. हंगामी सरकारचा उपराष्ट्राध्यक्ष लोरेन्झो दे सावाला नोव्हेंबरात वारला. ऑस्टिन २७ डिसेंबरला न्यूमोनियाने गेला, वय ४३. मेक्सिकोच्या राजकारणाची खरी जाण असलेले दोघे दोन महिन्यांत संपले, आणि माझ्या मते हे नुकसान कुठल्याही कर्जापेक्षा मोठे होते. तेहानोंशी आणि मेक्सिकोशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा तेवढ्या वजनाचा माणूस नंतर सरकारात उरला नाही.

सांता ॲनाचा प्रश्न ह्यूस्टनने झटपट संपवला. काँग्रेसमधल्या, म्हणजे टेक्सासच्या संसदेतल्या, अनेकांना तो फासावर हवा होता. निदान कैदेत तरी. ह्यूस्टनने त्यांचे न ऐकता नोव्हेंबर संपता संपता त्याला काही अधिकाऱ्यांच्या सोबतीने अमेरिकेच्या राजधानीला रवाना केले. तिथे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याची भेट झाली आणि अमेरिकी नौदलाच्या जहाजाने तो व्हेराक्रूझला पोचला. फाशी दिली असती तर मेक्सिकोला एक हुतात्मा मिळाला असता. शिवाय टेक्सासला जगाकडून मान्यता हवी होती, आणि पकडलेल्या राष्ट्रप्रमुखाला लटकवणाऱ्या देशाला ती कोण देणार?

छावणीतला पेच

आता फौज. लवाका नदीच्या परिसरात तिचा तळ होता आणि तिथला खरा मालक फेलिक्स ह्यूस्टन होता. राष्ट्राध्यक्षाशी याचे काही नाते नाही. देवनागरीत आडनावे सारखी दिसतात म्हणून पुढे याला नुसते फेलिक्स म्हणतो. मिसिसिपीतल्या नॅचेझचा हा वकील, कर्ज काढून स्वतःच्या खर्चाने शेकडो लोक घेऊन आलेला. त्याचा हिशेब सरळ होता. मातामोरोसवर, रिओ ग्रान्देपलीकडच्या मेक्सिकन बंदरावर, स्वारी करायची. तिथे जकातीचा पैसा होता, लूट होती, कीर्ती होती. शिपायांना हे आवडायचे. काँग्रेसमध्येही याला टाळ्या पडायच्या.

राष्ट्राध्यक्षापुढे कोणते मार्ग होते ते पाहू.

फौजेला मातामोरोसवर जाऊ द्यायचे, म्हणजे निदान ती राजधानीपासून लांब जाईल. पण हरली तर मेक्सिकोला परत यायला रस्ता मोकळा, आणि जिंकली तर जिंकलेला सेनापती राष्ट्राध्यक्षापेक्षा मोठा. शिवाय अमेरिकेत मान्यतेचा विचार चालू असताना टेक्सास शेजाऱ्यावर चढाई करणारा देश ठरला असता. दुसरा मार्ग, पगार चुकता करून फौज मोडायची : पैसा नाही. तिसरा, फेलिक्सला पकडायचे : कोणाच्या हातून? टेक्सासमध्ये राष्ट्राध्यक्षाचे ऐकेल अशी दुसरी सशस्त्र शक्ती नव्हती. चौथा मार्ग बर्नेटचा. हुकूम काढत राहायचे आणि ते मोडले जाताना पाहायचे.

ह्यूस्टनने आधी सभ्य उपाय करून पाहिला. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत शिकलेल्या अल्बर्ट सिडनी जॉन्स्टनला त्याने फेलिक्सच्या वर नेमले. फेब्रुवारी १८३७ मध्ये जॉन्स्टन तळावर पोचला आणि फेलिक्सने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. जॉन्स्टनने ते स्वीकारले, कारण नाकारले असते तर त्या तळावर त्याला कोणी मोजले नसते. बऱ्याच फैरींनंतर गोळी त्याच्या कमरेत शिरली. फेलिक्सने नंतर दिलगिरी व्यक्त केली, सेनापतिपद जॉन्स्टनचेच असल्याचे मान्य केले आणि तळ व्यवहारात आपल्याच हाती ठेवला, कारण जॉन्स्टन अंथरुणावर होता. इथे राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराची नेमकी लांबी कळते : तो नेमणूक करू शकत होता, नेमलेला माणूस चालता-फिरता राहील याची हमी देऊ शकत नव्हता.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. फेलिक्सने सॅन अँटोनियो शहर पाडून तिथल्या लोकांना ब्रॅझोसच्या पूर्वेला हलवण्याचा आदेश दिला. कारण लष्करी सांगितले गेले : शहर सीमेवर आहे, शत्रूच्या उपयोगी पडेल. पण लोक बहुसंख्येने तेहानो होते हे उघड होते. तिथला लष्करी अधिकारी हुआन सेगीन स्वतः तेहानो, सॅन जॅसिंटोला टेक्सासच्या बाजूने लढलेला. त्याच फेब्रुवारीत त्याने आलामोत पडलेल्यांची राख विधिपूर्वक पुरली होती. सेगीनने थेट राष्ट्राध्यक्षाकडे दाद मागितली आणि ह्यूस्टनने आदेश रद्द केला. शहर वाचले. स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या घरांवर स्वातंत्र्यानंतर आलेल्यांनी नांगर फिरवावा, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

मे उजाडला. राजधानी आता बफेलो बायू या संथ प्रवाहाच्या काठी नव्याने आखलेल्या गावात आली होती. ॲलन बंधूंनी आदल्या ऑगस्टमध्ये हे गाव आखले, राष्ट्राध्यक्षाचे नाव त्याला दिले आणि काँग्रेसला तिथे यायला राजी केले. धंद्याची नजर म्हणावी ती हीच. पक्षिचित्रकार ऑड्युबॉन त्याच महिन्यात तिथे गेला होता. घोटाभर पाण्यातून चालत तो ज्या राष्ट्राध्यक्ष-निवासात पोचला ते लाकडी ओंडक्यांचे, मधोमध वाट असलेले दोन खोल्यांचे घर होते, आणि आत मखमली, सोनेरी कडांच्या पोशाखात ह्यूस्टन. आज त्या शहरात कितीतरी मराठी कुटुंबे राहतात आणि डाउनटाउनमधल्या रस्क, लामार या रस्त्यांवरून कामाला जातात. ती या प्रकरणातली माणसे.

५ मेच्या रात्री लवाकाच्या तळावर हेन्री टील या अधिकाऱ्याला तंबूत झोपेत गोळी घालून मारले गेले. शिस्त किती उरली होती याचे यापेक्षा वेगळे प्रमाण नको. आणि नेमका याच महिन्यात फेलिक्स मातामोरोसच्या स्वारीला मंजुरी मिळवायला राजधानीत येऊन बसला. राष्ट्राध्यक्षाने त्याचे आदरातिथ्य केले, त्याला बोलू दिले, काँग्रेसमध्ये फिरू दिले. १८ मेच्या आदेशाने युद्धसचिव फिशर तळाकडे गेला आणि सहाशे माणसे ठेवून बाकी सगळ्या फौजेला तुकड्या-तुकड्यांनी रजेवर पाठवू लागला. फेलिक्सला कळले तेव्हा त्याच्या मागे फौज उरली नव्हती.

ही रजा होती, बडतर्फी नव्हे, आणि सगळी युक्ती या फरकात आहे. फौज बरखास्त केली असती तर त्याच दिवशी हिशेब मागितला गेला असता. रजेवर गेलेल्या शिपायाची थकबाकी कागदावर राहते, नोकरी कागदावर राहते आणि मेक्सिकोला ऐकवायला फौजही कागदावर राहते. बंड करायला एक जागा लागते, एक पुढारी लागतो, एक तक्रार लागते. तुकड्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दिशांना गेल्या, पुढारी दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर गप्पा मारत होता, आणि तक्रार तर काय, रजेची कोण करतो! विलंब, पाहुणचार आणि प्रशासकीय शब्द यांच्या जोरावर झालेले हे निःशस्त्रीकरण. गोळी झाडावी लागली नाही. नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत धडाडीचे जे कौतुक असते त्यात हे बसत नाही, पण त्या दोन वर्षांतला हा सगळ्यात धाडसी निर्णय होता असे मला वाटते. उरलेल्या सहाशेंनी किंवा रजेवरच्या एखाद्या तुकडीने तोफा राजधानीकडे वळवल्या असत्या तर ओंडक्यांच्या त्या घरात ह्यूस्टनजवळ दुसरा बेत असल्याची खूण कुठे दिसत नाही.

(जाता जाता : जहाजावरून सांता ॲनाला उतरवणारा ग्रीन आणि रजा वाटणारा फिशर, दोघेही १८४२ च्या डिसेंबरात एकाच मोहिमेत होते. परत फिरण्याचा हुकूम मोडून सुमारे तीनशे टेक्सन रिओ ग्रान्देकाठच्या मिएरवर चालून गेले, फिशर त्यांचा म्होरक्या. बहुतेक सगळे पकडले गेले आणि पळून जाण्याच्या प्रयत्नानंतर दाण्यांची सोडत काढून काळे दाणे ज्यांच्या हाती आले अशा सतराजणांना मेक्सिकोने गोळ्या घातल्या. राष्ट्राध्यक्ष तेव्हा दुसऱ्यांदा ह्यूस्टनच होता. एकदा जमलेली युक्ती दुसऱ्यांदा जमलीच असे नाही.)

बाकीच्या आघाड्यांवर फार वेळ घालवायला नको. नौदलाची चार जहाजे होती. नौदल सचिव रोड्स फिशर, हा वेगळा फिशर, १८३७ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षाला न विचारता त्यांतली दोन घेऊन मेक्सिकन किनाऱ्यावर गेला आणि परतल्यावर पद गमावून बसला. वर्षअखेर चारही जहाजे या ना त्या कारणाने गेलेली होती. मान्यता मिळाली : जॅक्सनने कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ३ मार्च १८३७ ला, टेक्साससाठी राजदूत-प्रतिनिधी नेमला. विलीनीकरण मात्र मिळाले नाही. गुलामांचे आणखी एक राज्य संघात घेण्याला उत्तरेकडून कडवा विरोध होता आणि जॅक्सननंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हॅन ब्युरेनने ऑगस्टमध्ये प्रस्ताव परत केला. पन्नास लाख डॉलरचे कर्ज उभारायला काँग्रेसने परवानगी दिली होती, पण १० मे १८३७ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी सोन्याचांदीत पैसे देणे थांबवले आणि अमेरिकेतला पैशाचा बाजारच बसला. तेव्हा सरकारने व्याज देणाऱ्या नोटा काढल्या. संख्या बेताची होती आणि जकातीत त्या स्वीकारल्या जात, म्हणून पहिल्या नोटांची किंमत बरीच टिकली. गॅल्व्हेस्टन बंदरावरचा जकात अधिकारी गेल बॉर्डन हा पुढे कंडेन्स्ड दुधाचा कारखानदार म्हणून जगभर गाजला.

चलन एकच : जमीन

पैसा नव्हता, जमीन मात्र डोळा पुरणार नाही एवढी होती. सैन्याचा पगार, सावकारांचे व्याज, नव्या वसाहतकऱ्यांचे आमिष, सगळ्याला उत्तर एकच. स्वातंत्र्याच्या दिवशी टेक्सासमध्ये असलेल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ४,६०५ एकर आणि एकट्या पुरुषाला १,४७६ एकर, शिवाय सैनिकांची बक्षीस-जमीन वेगळी. न्यू ऑर्लीन्समध्ये एकरी पन्नास सेंटने जमिनीच्या चिठ्ठ्या विकल्या जात होत्या. ज्या शिपायाला रजा मिळाली तो रिकाम्या हाताने गेला नाही. जमिनीचा हक्क घेऊन गेला. फौज इतक्या सहज पांगली यामागे फिशरचे कौशल्य असेल, फेलिक्सची गैरहजेरी असेल. पण प्रत्येकाच्या खिशात काही एकरांची आशा होती हे विसरून चालणार नाही.

यात मिळकतीचा हक्क कोणाला नव्हता हेही घटनेत लिहिले होते : आफ्रिकन, त्यांचे वंशज आणि इंडियन, म्हणजे मूळ रहिवासी. काँग्रेसला गुलामांना मुक्त करता येणार नाही. काँग्रेसच्या परवानगीवाचून मालकालाही मुक्त करता येणार नाही, देशाबाहेर पाठवले तरच. आणि मुक्त कृष्णवर्णीयाला काँग्रेसच्या संमतीशिवाय टेक्सासमध्ये राहता येणार नाही. या कलमांवर ह्यूस्टनने कधी जोर लावला नाही, त्याचे स्वतःचे गुलाम होते. एवढी जमीन कसायला हात कुठून येणार होते ते १८४७ च्या जनगणनेत दिसते. १८३६ मध्ये गुलाम पाच हजार होते, अकरा वर्षांत ३८ हजारांच्या वर गेले.

जमिनीच्या कारभारात ह्यूस्टनला धोका दिसत नव्हता असे नाही. घाईने भूमी कार्यालय उघडायला त्याचा विरोध होता : जुन्या स्पॅनिश आणि मेक्सिकन सनदा तपासल्या नाहीत, आधीच्या मोजण्या नकाशावर आल्या नाहीत, तर एकाच शेताचे दोन-तीन सातबारे निघतील. त्याने नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो डावलला. ऑक्टोबर १८३७ मध्ये गेल बॉर्डनचा भाऊ जॉन बॉर्डन पहिला आयुक्त म्हणून बसला. खोट्या दाखल्यांचे इतके पीक आले की पुढे ते शोधायला खास मंडळे फिरवावी लागली.

सगळ्यात मोठा दुबार करार सरकारने स्वतःच केला होता. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी, आलामोला वेढा पडलेला असताना, ह्यूस्टनने पूर्व टेक्सासमधल्या चेरोकींशी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींशी तह केला. दुवाली, ज्याला गोरे लोक बोल्स म्हणत, हा त्यांचा म्हातारा पुढारी. तहाने त्यांना अँजेलिना आणि सबाईन नद्यांच्या मधला मोठा पट्टा कबूल केला. बदल्यात टेक्सासला हवी होती ती शांतता मिळाली : मेक्सिकन फौज पश्चिमेकडून येत असताना पूर्वेकडून कोणी उठले नाही. हा तह नसता तर सॅन जॅसिंटोला ह्यूस्टनकडे नऊशे माणसे उरली असती का, याची मला शंका आहे. पुष्कळजण घरे राखायला पूर्वेला धावले असते.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने तह सिनेटपुढे मंजुरीला ठेवला. सिनेटने वर्षभर घोळवला आणि १६ डिसेंबर १८३७ ला रद्द ठरवला. हंगामी सरकारला असा करार करायचा अधिकारच नव्हता, असा युक्तिवाद झाला. त्याच हंगामी सरकारने शिपायांना दिलेली जमिनीची वचने मात्र वैध राहिली. सिनेटर मतदारांचे ऐकत होते, मतदार जमीन शोधत होते आणि चेरोकींचा पट्टा पाणीदार, काळीभोर माती असलेला होता. रजेवर गेलेले शिपाई आता वसाहतकरी झाले होते. राष्ट्राध्यक्षाला बंड करणारे सैन्य घालवता आले, कारण त्याने त्या सैन्याचे मतदार केले; पण ते मतदार म्हणून परत आले तेव्हा त्यांच्यापुढे रजेची युक्ती चालणार नव्हती.

ऑगस्ट १८३८ मध्ये नॅकोडोचेसजवळ विसेंते कोर्दोवाच्या नेतृत्वाखाली काही तेहानो आणि त्यांचे साथीदार उठले. ह्यूस्टनने मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या फौजेचा, प्रमुख रस्क याला बजावले की अँजेलिना नदी ओलांडू नकोस, चेरोकींच्या मुलखात जाऊ नकोस. रस्कने ओलांडली. चेरोकींनी लढाई टाळली म्हणून त्या वेळी निभावले. पद सुटता सुटता ह्यूस्टनने चेरोकींची हद्द जागेवर आखण्याचे काम सुरू करायला लावले, जणू तह अजून जिवंत आहे. पण दोन वर्षांच्या अखेरीला त्याची स्थिती सुरुवातीसारखीच होती. लोकांचे प्रेम भरपूर आणि ज्या गोष्टीवर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता त्या गोष्टीसाठी एकही हात वर नाही.

१० डिसेंबर १८३८ ला लामार राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे दोन प्रमुख प्रतिस्पर्धी प्रचाराच्या काळातच मरण पावले होते, त्यामुळे निवडणूक एकतर्फी झाली. शपथविधीला ह्यूस्टन जॉर्ज वॉशिंग्टनच्या थाटात, पांढऱ्या टोपात आणि गुडघ्यापर्यंतच्या तुमानीत आला आणि निरोपाचे भाषण तीन तास लांबवले. लामार इतका खचला की त्याचे भाषण त्याच्या सचिवाला वाचावे लागले. हा प्रसंग मजेचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात ह्यूस्टनचा दोष दिसतो. तीन तास त्याने गर्दी जिंकली. चेरोकींबद्दलचे आपले म्हणणे त्याच गर्दीला पटवायला त्याला दोन वर्षे मिळाली होती.

लामारने स्वतंत्र साम्राज्याची भाषा केली, राजधानी पश्चिमेला ऑस्टिनला नेली, शाळा-विद्यापीठांसाठी जमिनी राखल्या (हे त्याचे खरे काम), नोटा बेसुमार छापल्या आणि तीन वर्षांत कर्ज सत्तर लाखांच्या घरात नेले. चेरोकींना त्याने देश सोडायला सांगितले. १५ आणि १६ जुलै १८३९ ला नेचेस नदीजवळ लढाई झाली. ऐंशीच्या पुढचा दुवाली घोड्यावर होता. घोडा पडल्यावर पायी उतरला आणि मारला गेला. त्याच्याजवळ ह्यूस्टनने दिलेली तलवार होती. लढणाऱ्या टेक्सन फौजेत रस्क होता, बर्नेट होता, जॉन्स्टन होता. अडीच-तीन वर्षांपूर्वी ज्यांना त्या बेशिस्त तळाचा त्रास झाला ते सगळे.

त्या हिवाळ्यात ह्यूस्टन सॅन ऑगस्टीनचा प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसला होता. त्याने लामारला आणि या मोहिमेला शिव्यांची लाखोली वाहिली, दुवालीची बाजू घेतली, पूर्व टेक्सासमध्ये स्वतःवर रोष ओढवून घेतला. आणि मग त्यानेच एक विधेयक पुढे रेटले : चेरोकींकडून रिकामी झालेली जमीन घुसलेल्या वसाहतकऱ्यांना किंवा जमीन-चिठ्ठ्यांच्या दलालांना फुकट मिळू नये, तिचे मोजून तुकडे पाडावेत आणि ती लिलावाने विकून पैसा प्रजासत्ताकाच्या तिजोरीत भरावा. त्याचा युक्तिवाद असा होता की ही जमीन चेरोकींचीच होती. ते गेले म्हणजे ती त्यांच्याकडून सरकारकडे आली, आधीच्या कोणाच्या दाव्याला तिथे जागा नाही. तह खरा होता हे अशा रीतीने एकदा कायद्यात मान्य झाले, पण तेव्हा तो पाळून घ्यायला चेरोकी तिथे नव्हते.